मास्तरांनी डोक्यावर घेतलेली माती

हिवरखेडच्या सरकारी शाळेचे मास्तर खुशालराव यांची भरदिवसा, भर पऱ्हाटीत झडती झाली आणि झडतीत कापूस सापडला.

सापडला हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. उपरण्याला दोन पुंजके होते, धोतराच्या सोग्याला एक, आणि एक पागोट्यावर जाऊन बसला होता. पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कापूस अंगाला न लागता वऱ्हाडातून शंभर पावलं चालून दाखवणारा माणूस नव्हताच. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भाऊ भाऊ एकमेकांवर तोफा डागत होते, त्यामुळे विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या होत्या, आणि त्यांची भूक भागवायची जबाबदारी हिवरखेडच्या पंचक्रोशीवर आली होती. लोकांनी ज्वारी सोडून कापसाची पऱ्हाटी लावली. गुरचरण नांगरलं, खळी नांगरली. एका गृहस्थानं तर अंगणातली तुळस चार हात सरकवून तिच्या जागी पऱ्हाटीची सहा झाडं लावली आणि तुळशीला रोज नमस्कार करून माफी मागितली. अशा दिवसांत पायवाट कोण सोडतो?

सावरपाण्याची पायवाट नत्थुजींनी नांगरली. नत्थुजी म्हणजे गावातले मोठे कास्तकार, आणि त्या वर्षीच्या भावानं आणखीच मोठे झालेले. वाट जुनी. नरनाळ्याच्या किल्ल्याकडे जाणारे स्वार या वाटेनं गेले, फकीर गेले, लमाणांचे बैल मिठाची पोती घेऊन गेले. वाटेवर फकिराच्या मुक्कामाचा तकिया होता, पायऱ्यांची बारव होती, आणि घोड्यावर बसलेला वीर कोरलेला एक दगड होता. या वाटेनं सातपुड्याच्या पायथ्याचं सावरपाणी तीन कोस. गाडीरस्त्यानं अकोटावरून वळसा घालून गेलं तर अकरा कोस. आणि गाडी कुणाची मिळणार? त्या मोसमात वऱ्हाडातली एकूण एक गाडी कापसाखाली होती. एका नवरदेवाला म्हणे गाठोड्यांवर बसून लग्नाला जावं लागलं.

सावरपाण्याला मास्तरांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं माहेर. तिथं त्यांची आई एकटी. मागच्या दिवाळीपासून मायलेकींची भेट नव्हती. मार्गशीर्षात एका गवत विकणाऱ्या बाईबरोबर म्हातारीचा निरोप आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला आहे, संक्रांतीपर्यंतच दिसेल असं वैदू म्हणतो, तेव्हा दिसतं आहे तोवर लेकीचं तोंड दाखवा. दुर्गाबाई निरोप ऐकून पुन्हा चुलीकडे वळल्या. भाकरी थापत राहिल्या. त्या दिवशी घरात खाणारे दोघे आणि भाकरी अकरा झाल्या. अकरावी भाकरी तव्यावर पडली तेव्हा मास्तरांनी पागोटं चढवलं आणि वाट कितपत शिल्लक आहे ते पाहायला बाहेर पडले.

वाट अजिबात शिल्लक नव्हती. मास्तर अंदाजानं शिरले आणि निम्म्यावर नत्थुजींच्या माणसांनी त्यांना धरलं.

नत्थुजी बांधावरून शांतपणे चालत आले. "मास्तर, वावरात काहून शिरले?"

"वावरात नाई शिरलो, वाटंत शिरलो."

"वाट? अथी कुठची वाट आली बाप्पा? दाखवा ना."

मास्तरांनी चारी दिशांना पाहिलं. चारी दिशांना पऱ्हाटी होती. त्यांनी उगाच एका दिशेला बोट केलं. नत्थुजींनी त्या बोटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पागोट्यावरचा कापूस दोन बोटांनी अलगद उचलला.

"मागतला असता तं वातीपुरता देला नसता का मी?"

चोर म्हटलं असतं तर मास्तरांनी सहन केलं असतं. चोराला निदान काही हिंमत लागते. पण वातीपुरता! मास्तर घरी आले, पागोटं खुंटीला लावलं आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले.

हिवरखेडात माणूस भिंतीकडे तोंड करून बसला की शेजाऱ्यांना निरोप धाडावा लागत नाही. आधी चंद्रभान आला. हा शेजारी सल्ला द्यायला चौकीदार जागावा तसा जागा असे. "सासूच्या गावची वाट आपोआप बुजली, आन् तुमी दुख करून राह्यले? लोकं यासाठी नवस करते मास्तर!" असं म्हणून तो स्वतःच हसला. आतून दुर्गाबाईंनी पितळेचं पातेलं असं काही खाली ठेवलं की त्याचं हसू तिथंच थांबलं. मग गंगूबाई आल्या. "एवळं काय त्यात, म्हातारीलेच अथी घिऊन या." कुठल्या वाटेनं, असं मास्तरांनी विचारलं. गंगूबाईंनी बराच विचार केला आणि त्या विरजण लावायचं राहिलं म्हणून निघून गेल्या.

सरकारची मोजणी त्या सुमारास तालुक्यात आली होती. दोन कोसांवर तिची छावणी पडली होती. जमीन साखळीनं मोजून नकाशा होणार, आणि नकाशावर जे येईल ते खरं, बाकी सगळं गेलं. मास्तरांनी शाळेच्या सर्वांत चांगल्या कागदावर अर्ज लिहिला आणि छावणी गाठली. तिथे घाटाखालून आलेले एक कारकून होते. सज्जन माणूस. पहिल्या दिवशी ते जेवत होते. दुसऱ्या दिवशी जेवून झोपले होते. तिसऱ्या दिवशी जागे सापडले.

"वाट आहे म्हणता," ते म्हणाले, "पण आमच्या माणसांना दिसली नाही."

मास्तरांनी ठेवणीतली पुस्तकी भाषा काढली. "ती नांगरली गेली आहे, म्हणून दिसत नाही."

"नांगरली म्हणजे ते शेत झालं."

"परंतु नांगरण्यापूर्वी ती वाट होती."

"असेल. आम्ही नंतर आलो." कारकुनांनी अर्ज उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, जणू तिथे वाट असेल. "वहिवाट असेल तर गोष्ट वेगळी. तिथून माणसं जाता-येताना दिसली पाहिजेत."

"जानाऱ्याले चोर म्हनून धरते ना तो!" मास्तरांची पुस्तकी भाषा एवढ्यावर संपली.

"मग वहिवाट नाही," कारकून हळहळून म्हणाले. "मात्र गावानं आपल्या रूढीप्रमाणे निवाडा करून दिला, तर गावाच्या रूढीत सरकार हात घालत नाही. पंचांच्या निशाण्या आणा, मी लिहितो. शुक्रवारी छावणी हलेल."

रूढी कुठली, हे हिवरखेडात कुणाला सांगावं लागत नव्हतं. शिवेचा किंवा वाटेचा वाद मिटला नाही की दावा सांगणारानं ओलेत्यानं उभं राहायचं, गळ्यात कडुनिंबाचा पाला, डोक्यावर त्याच वावरातल्या मातीचं ढेकूळ. मग चालायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही, मागं पाहायचं नाही, पाय थांबवायचा नाही. ढेकूळ शेवटापर्यंत नेलं तर जिथं पाऊल पडलं ती शीव, ती वाट, आणि पुढच्या सात पिढ्यांनी तोंड उघडायचं नाही. थांबला तर दावा बुडाला. खोटं चालणाऱ्याचं काय होतं याच्या इतक्या भयंकर गोष्टी गावात होत्या की वीस वर्षांत कुणी माती उचलली नव्हती. लोक आपसातच मिटवून घेत.

मास्तरांनी उचलली. म्हणजे उचलतो म्हणाले. बुधवारी सकाळी पारावर पंच बसले होते, नत्थुजी तंबाखू मळत होते. "मास्तर, जाऊ द्या आता. देवापुळे लावाले वाती धाडून देतो घरी," असं ते सहज म्हणाले, आणि मास्तर पारावर चढले.

"उद्या म्या माती डोस्क्यावर घेतो! सावरपाण्यापावतर! लेहून ठेवा!"

नत्थुजींच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. मास्तर खाली उतरले आणि गावातून ताठ मानेनं घरी चालत आले. आयुष्यात त्यांना स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हा अभिमान पारापासून घरापर्यंत टिकला. उंबऱ्यात पाय ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ती वाट ठाऊक नाही.

हसू नका. यात मास्तरांचा दोष थोडा आणि रीतीचा फार. नवऱ्यानं पुढं चालायचं आणि बायकोनं चार पावलं मागं, अशी रीत. सावरपाणी दुर्गाबाईंचं, वाट दुर्गाबाईंची, पण पुढं मास्तर. तेव्हा चौदा वर्षं दुर्गाबाई मागून "उजव्या अंगानं घ्या", "खाली पाहा, काटे हायेत", "अवं, तथी कुठं चालले" असं सांगत आल्या होत्या, आणि मास्तर पुढं राहून राज्यकारभार, व्याकरण आणि सासूचा स्वभाव यांवर विचार करत सांगितलं तिकडे वळत आले होते. चौदा वर्षांत त्यांनी वाट एकदाही पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "आपुन तकियापासून पुळे... म्हंजे डावीकडंच वळतो, नाई?"

दुर्गाबाईंनी वाढता हात थांबवला.

"बारव कोन्या हाताले लागते?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पाण्याचा लोटा तोंडाला लावला आणि तो खाली ठेवलाच नाही.

"अन् गावापुळे बोंबलून आले," दुर्गाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण त्यात राग किती आणि हसू किती हे मास्तरांना कळेना. "मायचे डोळे चालले, मास्तर. तुमची मान खाली गेली तं मी उचलून घेतली असती. हे उद्या बुडालं तं सात पिढ्या बुडालं ना."

त्या नवऱ्याला मास्तर म्हणत नसत. चौदा वर्षांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला, आणि मास्तरांना तो झडतीपेक्षा जास्त लागला.

"काय करू मंग?" ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "बोलाचं नाई, हे माती घेनाऱ्याले हाये. मले कोन बांधलं? मी मांगून बोलतो. आजपावतर बोललीच ना."

गुरुवारी सकाळी सगळं हिवरखेड वेशीवर जमलं. मास्तर विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानं कुडकुडत उभे राहिले. कडुनिंबाचा पाला गळ्यात पडला. पंचांनी नत्थुजींच्या वावरातलं ढेकूळ आणून डोक्यावर ठेवलं. कारकूनही आले होते, मागे साखळी ओढणारे दोन गडी. खरं तर छावणी आवरायची होती, पण इतकी गर्दी असेल तिथे सरकारनं असावं असं त्यांना वाटलं. आणि नत्थुजींनी मास्तरांच्या सन्मानार्थ पाच डफडेवाले आणले होते. "एवळं मोठं काम, वाजतगाजत होऊ द्या," ते म्हणाले. गावाला हे फार आवडलं.

दुर्गाबाईंना नाही आवडलं. आपलं मागून सांगणं नत्थुजींनीही चौदा वर्षं बांधावरून ऐकलं आहे, हे आठवून त्यांना डाव कळला होता. मास्तरांना तो डफडी वाजायला लागल्यावर कळला.

वेशीपासून तकियापर्यंत वाट सगळ्यांनाच ठाऊक होती. तिथून पऱ्हाटी सुरू झाली, आणि मागून काहीतरी ऐकू आलं. ते "उजव्या अंगानं" होतं, की "उतरून घ्या" होतं, की चंद्रभानचा सल्ला होता, हे सांगणं अशक्य होतं. मास्तर उजवीकडे वळले. गर्दीतून ओरडा झाला, कारण उजवीकडे चंद्रभानचं वावर होतं. चंद्रभान कालपर्यंत मास्तरांच्या बाजूचा होता. "अवं मास्तर, माह्या कपाशीतून काहून? माह्या बापाच्या काळात अथी चिटपाखरू चाललं नाई!" तो आडवा पळाला. मास्तर डावीकडे झाले. नत्थुजींचे डफडेवाले आणखी जोरात वाजवू लागले. घोडेस्वाराचा दगड दिसला म्हणून मास्तर आनंदानं तिकडे निघाले, पण तो दगड नत्थुजींच्या गड्यांनी गाठोडी टेकायला केव्हाच कापूस साठवायच्या मांडवाखाली नेऊन ठेवला होता. मास्तर थेट मांडवाच्या दिशेनं चालले होते. कारकुनांनी साखळीवाल्यांना विचारलं की वाट या मांडवातून जाते काय, आणि वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

एवढ्यात ढेकूळ विरघळायला लागलं. ओलं डोकं, काळी माती. तिचे ओघळ कपाळावरून डोळ्यांत उतरले. कान डफड्यांनी गेले होते, आता डोळे गेले. हात वर करून पुसावं तर ढेकूळ पडेल. मास्तरांना फक्त आपला पाय कळत होता, आणि तो पाय आता पुढं पडायला तयार नव्हता. नत्थुजी बाजूनं चालत होते. ते वाकून मास्तरांच्या पायांकडेच पाहत होते, थांबतो कधी म्हणून.

मास्तरांचा पाय थांबणार, इतक्यात डोकं हलकं झालं.

दुर्गाबाईंनी ढेकूळ उचललं होतं. ते त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवलं, नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि पाऊल न चुकवता पुढं चालू लागल्या.

डफडी आपोआप थांबली. बाई नवऱ्याच्या पुढं चालली आहे, हे दृश्य पाहताना हाताला वाजवण्याचं भान राहत नाही.

"हे चालत नाई!" नत्थुजी ओरडले. "बाईची माती चालत नाई! पंच, बोला!"

दुर्गाबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांच्या डोक्यावर माती होती. पण मास्तरांच्या डोक्यावर आता काहीच नव्हतं. मास्तरांनी डोळ्यांतला चिखल पुसला, आणि गेले आठ दिवस तोंडात अडकलेला आवाज मोकळा सोडला.

"कुठं लेहलं हाये?"

"लेहलं कशाले पायजे? रीत हाये!"

"रीतीत माती बोलत नाई, मांगं पाहत नाई, थांबत नाई. थांबली का? पाहलं का मांगं? बाई नको असं रीतीत कोन सांगतलं? माती जमिनीवर पडली का, पंच?"

पंचांनी जमिनीकडे पाहिलं. माती जमिनीवर पडली नव्हती. सगळ्यांत म्हाताऱ्या पंचानं कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी वही चाळली, आणि स्त्रियांनी माती वाहू नये असा उल्लेख आपल्याकडे आढळत नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. "आणि कृपया लवकर ठरवा," ते म्हणाले, "त्या फार पुढे गेल्या आहेत."

त्या खरोखरच फार पुढं गेल्या होत्या. नत्थुजींच्या कपाशीतून त्या अशा चालल्या होत्या की पऱ्हाटी तिथं नाहीच. कुठं डावीकडे दोन पावलं घेत, कुठं उगाच एक वळण घेत, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक वळणाखाली जुना दगड सापडत होता. बारव त्यांच्या बरोबर उजव्या हाताला लागली. गाव मागून धावलं. पंच धावले, साखळीवाले धावले, कारकून धोतर सावरत धावले, आणि डफडेवाल्यांनी ज्याचं खाल्लं त्याचं वाजवायचं की जे घडतं आहे त्याचं, याचा क्षणभर विचार करून पुन्हा वाजवायला घेतलं. या वेळी ते दुर्गाबाईंसाठी वाजत होतं. दीडशे माणसं एकामागून एक त्या पऱ्हाटीतून गेली. नत्थुजी बांधावर उभे राहून एकेकाला "बाजूनं, बाजूनं" म्हणत राहिले, पण बाजू कुठली, हे त्यांनाही सांगता येईना. मास्तर बायकोच्या चार पावलं मागं चालत होते. त्यांना वाटेत दोनदा काहीतरी सुचवावंसं वाटलं. पण सुचवण्यासारखं त्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले.

तीन कोस. सावरपाण्याला पोचेपर्यंत ढेकूळ मुठीएवढं उरलं होतं आणि दुर्गाबाईंचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत काळं झालं होतं. म्हातारी दारात बसली होती. आवाज ऐकून उठली. दुर्गाबाईंनी उरलेली माती तिच्या पायांशी ठेवली आणि मग पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माय."

म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे वळवला, अगदी जवळ घेतला. पदरानं चिखल पुसला. पुसला आणि पाहिलं, पुन्हा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "दिसते," ती म्हणाली. "अजून दिसते वं, दुर्गे." दोघी दारातच बसल्या आणि रडल्या. दीडशे माणसं अंगणाबाहेर उभी होती. मास्तर वळून सातपुड्याकडे पाहत होते.

कारकून लंगडत आले. "बाई, वाट इथं संपली असं लिहू ना?"

"हे कोन?" म्हातारीनं विचारलं.

"सरकार हाये माय," दुर्गाबाई म्हणाल्या. "थकलं हाये. पानी दे त्याले."

कारकून दोन लोटे पाणी प्यायले. मग मांडी घालून त्यांनी वाट नकाशावर काढली, पंचांच्या निशाण्या घेतल्या आणि खाली लिहिलं की माती वाहणार खुशालराव. मास्तरांनी कारकुनांच्या खांद्यावरून वाचलं.

"खोडा ते."

"कागदावर खाडाखोड चालत नाही, मास्तर."

"मंग नवा कागद काढा. म्या वाहली नाई. तिनं वाहली. लेहा, दुर्गाबाई."

"नवऱ्याच्या नावानं लिहिलं तरी—"

"लेहत नाई तोवर मी उभा हाये," मास्तर म्हणाले आणि उभे राहिले. कारकुनांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तीन कोस परतीच्या वाटेकडे पाहिलं, आणि नवा कागद काढला.

दुर्गाबाई संक्रांतीपर्यंत आईजवळ राहणार होत्या. दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच निघाले. मागून सांगायला कुणी नव्हतं, पण दीडशे माणसांच्या पायांनी वाट अशी काही पडली होती की ती आता आंधळ्यालाही चुकली नसती. मास्तरांनी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बारव पाहिली, तिच्या पायऱ्या मोजल्या. नत्थुजींच्या वावरात आले तेव्हा नत्थुजी मोडलेल्या पऱ्हाट्या उचलत होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून मास्तरांना जवळ येऊ दिलं.

"मास्तर," ते म्हणाले, आवाज बराच उतरला होता, "कडेकडेनं चालाल जरा? दोन झाडं तं वाचतीन."

मास्तर थांबले. आता थांबायला त्यांना कुणाची मनाई नव्हती. त्यांनी कडेकडे पाहिलं, मग मधोमध पाहिलं.

"मधातून जातो," ते म्हणाले, आणि मधातून गेले.